पहिलीच गोल्फ ट्रिप, सेंट जॉर्ज (युटा). चार दिवस, चार जण, काय बुक करू आणि काय सोडू?

ओलाचिंब
नमस्कार मंडळी. तीन वर्षं झाली गोल्फ खेळतोय, म्हणजे सिअ‍ॅटलच्या पावसात चिखलात रुतलेले बॉल उकरतोय असं म्हणा. आम्ही चार मित्र, हॅंडिकॅप (आकडा जितका मोठा तितका खेळ कच्चा) १९ पासून ३० पर्यंत (३० वाला कोण ते विचारू नका). कधीच ट्रिप म्हणून कुठे खेळायला गेलो नाही आणि आता डोक्यात घेतलंय की लाल डोंगर, निळं आभाळ आणि कोरडी जमीन बघायची. सेंट जॉर्जचे फोटो बघून वेड लागलंय.

प्लॅन असा आहे. ऑक्टोबरचा पहिला आठवडा, कारण तेव्हाचे टी टाइम्स (खेळ सुरू करायच्या बुक केलेल्या वेळा) आश्चर्यकारक स्वस्त दिसतायत. लास व्हेगासला उतरायचं, गाडी घ्यायची. पहिल्या दिवशी मेस्कीटला वूल्फ क्रीक हा कोर्स, दुसऱ्या दिवशी सकाळी सॅंड हॉलो आणि दुपारी ब्लॅक डेझर्ट, तिसऱ्या दिवशी सकाळी कॉपर रॉक आणि मग झायन नॅशनल पार्क, चौथ्या दिवशी जाता जाता कोनेस्टोगा. एक जण म्हणतोय एवढ्यात द लेजेसही बसेल. तुम्हाला काय वाटतं? राहायला मेस्कीट बरं की सेंट जॉर्ज?

तिरपागडा
३० वाला तूच.

ओलाचिंब
@तिरपागडा, पहिल्याच प्रतिसादात? :(

वाळवंटी
मी १२ वर्षं व्हेगासला आहे आणि वर्षातून तीनचार वेळा तिकडे खेळायला जातो म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी तारखा. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात टी टाइम्स स्वस्त का आहेत ते विचारलंस का? तिकडे उन्हाळ्यात बर्म्युडा गवत असतं, थंडीत ते झोपतं आणि पिवळं पडतं, म्हणून सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये बरेच कोर्स ते खरवडून त्यावर राय गवताचं बी पेरतात. याला ओव्हरसीडिंग म्हणतात. त्यासाठी कोर्स दोनतीन आठवडे बंद असतो, आणि उघडला की पुढचे काही दिवस कार्ट (गोल्फची छोटी गाडी) फक्त पाथवरून, गवतावर नाही. म्हणजे तुझा बॉल पाथच्या दुसऱ्या टोकाला आणि तू हातात तीन क्लब घेऊन ओल्या कोवळ्या गवतातून चालतोयस, परत येतोयस कारण चौथाच क्लब हवा होता. वर कोवळं गवत मुरावं म्हणून दिवसभर पाणी मारतात. ओला चिंब व्हायचं तर सिअ‍ॅटलच काय वाईट आहे?

प्रत्येक कोर्सची तारीख वेगळी असते आणि काही जण करतही नाहीत. प्रो शॉपला (कोर्सच्या दुकान-ऑफिसला) फोन करून सरळ दोन प्रश्न विचार: ओव्हरसीड कधी, आणि एअरेशन कधी. ग्रीनला (होलभोवतीच्या बारीक कापलेल्या गवताला) भोकं पाडून वाळू भरलेली असली की पटिंगची मजा गेली. मी तुझ्या जागी असतो तर नोव्हेंबरचा पहिला किंवा दुसरा आठवडा धरला असता.

साडेतीन_फूट
ओव्हरसीडबद्दल +१००. मी एकदा असाच स्वस्तात मिळालं म्हणून गेलो होतो, कोर्सचं नाव घेत नाही. ग्रीन हिरवे कमी आणि चाळणी जास्त होते. अडीच फुटांचा पट (ग्रीनवरचा हलका फटका) तीन वेळा उडी मारून गेला. (माझं नाव बघून हसू नका, साडेतीन फूट ही माझी विश्वासार्हतेची हद्द आहे.)

रानजाई
पण नोव्हेंबरात दिवस किती लहान होतो! त्या महिन्याच्या पहिल्या रविवारी घड्याळं मागे जातात, नंतर सेंट जॉर्जला साडेपाचच्या आत सूर्य मावळतो. सकाळी सॅंड हॉलो आणि दुपारी ब्लॅक डेझर्ट हे विसरायचं. रिसॉर्ट कोर्सवर चौघांचा राउंड (१८ होल) साडेचार तास तर सहज, जास्तही. आणि सॅंड हॉलो आहे हरिकेन गावात, ब्लॅक डेझर्ट आयव्हिन्सला, म्हणजे सगळं सेंट जॉर्ज ओलांडून पलीकडे. दुसऱ्या राउंडचे शेवटचे होल मोबाइलच्या टॉर्चमध्ये खेळणार का?

अण्णा_बंकरकर
रानजाई बरोबर बोलतेय. मी ६७ वर्षांचा आहे, गोल्फ ट्रिपा भरपूर केल्या आणि पहिल्या ट्रिपेत हीच चूक केली जी तुम्ही करताय. तीन दिवसांत पाच राउंड. पैसे भरलेत, लांब आलोय, आता परत कधी येणार, म्हणून खेळत सुटलो. चौथ्या राउंडला डावा हात उचलत नव्हता आणि सगळ्यात महागडा कोर्स तोच होता. फोटोंमध्ये मी प्रत्येक ठिकाणी कार्टमध्ये बसलेलो आहे, मागे डोंगर सुंदर आहेत.

दिवसाला एक राउंड. फार तर एखाद्या संध्याकाळी नऊ होल. सॅंड हॉलोला १८ होल्सच्या मोठ्या कोर्सशिवाय नऊ होल्सचा वेगळा लिंक्स कोर्स आहे, तो यासाठी छान आहे.

ओलाचिंब
बापरे, अर्ध्या दिवसात माझ्या प्लॅनच्या चिंध्या. ओव्हरसीड हा शब्दच पहिल्यांदा ऐकला, धन्यवाद वाळवंटी. पण अण्णा, विमानाचा खर्च करून जायचं आणि दिवसाला एकच? दुपारी करायचं काय?

अण्णा_बंकरकर
बसायचं.

तिरपागडा
अण्णा रॉक्स.

बॅगवाला
विमानाचा विषय निघालाच आहे तर. क्लब स्वतःचे न्यावेत की भाड्याने घ्यावेत? मी नेण्याच्या बाजूने आहे पण नीट पॅक करा. माझ्या ड्रायव्हरचं (सगळ्यात लांब मारायच्या क्लबचं) डोकं एका एअरलाइनच्या कृपेने मानेपासून वेगळं होऊन आलं, बॅगेला बाहेरून साधा ओरखडा नाही. आता मी ड्रायव्हर आणि वुड्सची डोकी पान्याने काढून सॉक्समध्ये गुंडाळून बाजूच्या कप्प्यात घालतो, आणि मऊ बॅग असेल तर आत क्लबपेक्षा उंच असा दांडा मिळतो तो ठेवतो म्हणजे बॅग उलटी आपटली तरी भार दांड्यावर येतो. रेंजफाइंडरच्या सुट्या लिथियम बॅटऱ्या चेक-इनमध्ये टाकू नका, त्या जवळच्या बॅगेत. आणि तो पाना मात्र विसरू नका, मी एकदा विसरलो आणि पार्किंग लॉटमध्ये चार अनोळखी लोकांना पाना आहे का विचारत हिंडलो.

दुसरा_बॉल
मी भाड्याने घेण्याच्या बाजूचा. कारण सांगतो. डेझर्ट कोर्सवर फेअरवेच्या (टीपासून ग्रीनपर्यंतच्या कापलेल्या पट्ट्याच्या) बाहेर गवत नाही, खडक आहे. माझ्या नव्या वेजचा (आखूड, उंच फटक्याच्या क्लबचा) तळ पहिल्याच राउंडला असा खरवडला गेला की अजून हात फिरवला की टोचतं. दगड दिसत नाही, वर बोटभर वाळू असते आणि खाली काय ते क्लबलाच कळतं. स्वतःचे नेणार असाल तर एक जुनी सात नंबरची आयर्न आणि जुनं वेज 'दगडासाठी' म्हणून बॅगेत टाका. मात्र १४ च्या वर क्लब होऊ देऊ नका, नियमात तेवढेच चालतात.

वाळवंटी
किंवा सरळ ड्रॉप घ्या की, म्हणजे दंडाचा स्ट्रोक (फटका) घेऊन बॉल बाहेर सोडायचा. वाळवंटातून हिरोगिरी करू नका. बहुतेक डेझर्ट कोर्सवर बाहेरचा भाग लाल खुणांचा पेनल्टी एरिया म्हणून धरतात, स्कोअरकार्डच्या मागे लिहिलेलं असतं, पहिल्या टीवर जायच्या आधी वाचा. लाल असेल तर एक स्ट्रोक, बॉल जिथून आत गेला तिथून दोन क्लब लांबीच्या आत ड्रॉप, पुढे चला. लाल नसेल तर शोधायला तीनच मिनिटं, सापडला नाही की परत टीवर. म्हणून शंका आली की प्रोव्हिजनल (राखीव दुसरा बॉल) मारूनच निघायचं. काही कोर्स दोन स्ट्रोक घेऊन फेअरवेवर ड्रॉप करायची मुभा देतात, ती असली तर देवाचे आभार माना.

रानजाई
आणि साप? मी विचारतेय कारण आमच्या ग्रुपमधली एक जण त्या भीतीनेच येत नाही.

भूगोलवाले_सर
साप आहेत, रॅटलस्नेकच आहेत. नोव्हेंबरात थंडी पडू लागली की ते बिळात जातात पण उबदार दुपारी एखादा दगडावर ऊन खात बसलेला दिसू शकतो. हात घालायचा नाही एवढंच. झुडपाखाली बॉल दिसला तर क्लबने ओढा, बोटांनी नको. बॉल चार डॉलरचा आहे.

नियमात गंमत आहे. विषारी साप जवळ असेल तर फुकट रिलीफ (बॉल दुसरीकडे ड्रॉप करायची मुभा) मिळतो, स्ट्रोक नाही. पण निवडुंगात बॉल गेला तर फुकट काही नाही, कारण निवडुंग तुमच्या अंगावर धावून येत नाही! खेळायचं असेल तर टॉवेल स्वतःच्या अंगाला गुंडाळून उभं राहिलेलं चालतं, तोच टॉवेल निवडुंगावर टाकला तर पेनल्टी. कारण मग तुम्ही उभं राहायची जागा सुधारली.

तिरपागडा
म्हणजे साप बरोबर घेऊन फिरायचं. निवडुंगाजवळ सोडला की फुकट ड्रॉप.

साडेतीन_फूट
@तिरपागडा :D :D आणि काट्यांसाठी बॅगेत साधा दाट दातांचा कंगवा ठेवा. चोयाचा (एका निवडुंगाचा) काटेरी गोळा चिकटला की बोटाने काढायला गेलात तर तो बोटाला चिकटतो. कंगवा मध्ये घालून झटका द्यायचा. माझ्या पिंढरीला एकदा चिकटला होता, कंगवा नव्हता, दोन टी घेऊन चिमट्यासारखं केलं. मागचा चौघांचा ग्रुप हसत होता.

भूगोलवाले_सर
एक राहिलंच. कासव दिसलं तर हात लावू नका, उचलून बाजूला ठेवायचं पुण्यही नको. मोहावे डेझर्ट टॉर्टॉइज १९९० पासून फेडरल यादीत संकटग्रस्त आहे. घाबरलं की ते साठवलेलं पाणी सोडून देतं आणि कोरड्या दिवसांत तेच त्याच्या जिवावर बेतू शकतं. सेंट जॉर्जच्या उत्तरेला रेड क्लिफ्स राखीव क्षेत्र त्याच्यासाठीच आहे.

कोरडवाहू
मला एक वेगळाच मुद्दा मांडायचाय, धागाकर्त्याने राग मानू नये. वर्षाला जेमतेम आठ इंच पाऊस पडणाऱ्या ठिकाणी एवढी हिरवळ राखायची, पेरायची, दिवसभर पाणी मारायचं, आणि आपण तिकडे विमानाने जायचं. टॅंकरच्या रांगेत वाढलेल्या माझ्यासारख्याला हे पचत नाही. मी गोल्फच्या विरोधात नाही, मी स्वतः अधूनमधून खेळतो, पण वाळवंटात?

वाळवंटी
मुद्दा चूक नाही. थोडी भर घालतो. वाळवंटी कोर्सची जी रचना दिसते ना, हिरवं बेट, मध्ये वाळू, पुन्हा हिरवं बेट, ती नुसती देखणी म्हणून नाही. ऍरिझोनात १९८० चा भूजल कायदा आला आणि नव्या कोर्सेसच्या पाण्यावर मर्यादा आल्या, मग डिझाइनर लोकांनी गवत जिथे बॉल पडायला हवा तिथेच ठेवलं. त्यामुळे टीवरून वाळवंट ओलांडून मारावं लागतं. तुझा हरवलेला प्रत्येक बॉल ही पाण्याची बचत आहे असं समज.

कोरडवाहू
हे बचतीचं गणित माझ्या बायकोला सांगून बघतो :) पण प्रश्न मिटला नाही एवढंच नोंदवतो. वाद घालत नाही, कारण मीही फेब्रुवारीत स्कॉट्सडेलला, म्हणजे ऍरिझोनाच्या वाळवंटातच, खेळायला गेलो होतो.

गप्पिष्ट
अवांतर: त्या भागाला 'डिक्सी' का म्हणतात कोणाला माहितेय? तिथे डिक्सी रेड हिल्स नावाचा नऊ होल्सचा जुना म्युनिसिपल कोर्स आहे, लाल कड्यांच्या पायथ्याशी, फार गोड आहे.

भूगोलवाले_सर
कापूस. १८६१ मध्ये मॉर्मन पंथाचे प्रमुख ब्रिगम यंग यांनी मॉर्मन कुटुंबांना तिकडे कापूस पिकवायला पाठवलं. दक्षिणेकडच्या कापूसवाल्या राज्यांना डिक्सी म्हणत, तेच नाव इथे चिकटलं. तिथल्या विद्यापीठाचं नावही डिक्सी स्टेट होतं, २०२२ मध्ये बदलून युटा टेक झालं. आता मूळ विषयाकडे या नाहीतर अ‍ॅडमिन येतील.

गप्पिष्ट
मूळ विषयावरच बोलतो मग. बजेटवाल्यांनी म्युनिसिपल कोर्स विसरू नयेत. सनब्रुक सेंट जॉर्ज शहराच्या मालकीचा आहे, २७ होल्स, त्यातले नऊ काळ्या लाव्हाच्या दगडांतून जातात. पैसे नामांकित रिसॉर्टच्या निम्म्याहून कमी. स्काय माउंटन आणि ग्रीन स्प्रिंगसुद्धा असेच, ग्रीन स्प्रिंगच्या पाचव्या-सहाव्या होलला घळ ओलांडून मारावं लागतं, तिथे माझे एकंदर अकरा बॉल आहेत. कोणाला सापडले तर कळवा, हिरवा ठिपका आहे.

ओलाचिंब
सगळ्यांना खूप धन्यवाद, वाचतोय आणि वहीत लिहून घेतोय. तारीख नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात नेली, मित्रांनीही मान्य केलं. आता खरा वाद: तीन मोठ्या कोर्सेसपैकी दोनच परवडणार. सॅंड हॉलो, वूल्फ क्रीक, ब्लॅक डेझर्ट. कोणता सोडू? आणि आम्ही मागच्या टीवरून (सगळ्यात लांबच्या सुरुवातीच्या जागेवरून) खेळायचं म्हणतोय, एवढं लांब जायचं तर पूर्ण कोर्स खेळू.

अण्णा_बंकरकर
मागच्या टीवरून??

वाळवंटी
अरे बाबा नको. सॅंड हॉलो मागून सात हजार यार्डांच्या वर आहे. तुमचा १९ वालासुद्धा ड्राइव्ह २२० मारत असेल तर त्याला पार फोरला (चार फटक्यांत संपवायच्या होलला) तीन लाकडं (लांब मारायचे वुड क्लब) मारावी लागतील. साधा हिशेब: पाच नंबर आयर्नने तू खात्रीने जेवढं मारतोस ते गुणिले ३६, साधारण तेवढ्या लांबीची टी निवड. १५० मारत असशील तर ५४०० यार्ड. लाज कसली. वाळवंट ओलांडायचं अंतरही पुढच्या टीवरून कमी होतं. तिकडे मागून खेळणारे रोज बघतो, सातव्या होलपर्यंत बॉल संपतात आणि अकराव्यापर्यंत बोलणं.

दुसरा_बॉल
माणशी किती बॉल न्यावेत?

तिरपागडा
३० वाल्याने पोतं.

रानजाई
जोक्स अपार्ट, डझनभर न्या, आणि महागडे नकोत.

तीनपैकी कोणता सोडायचा, तर माझं मत: पहिल्या ट्रिपला वूल्फ क्रीक सोडा. (आता दगड येतील.) तो व्हिडिओ गेममध्ये होता म्हणून सगळ्यांना तोच हवा असतो आणि दिसायला अफाटच आहे, डोंगराच्या कपारीत हिरव्या जिभा सोडल्यासारखा. पण मी खेळले तेव्हा निम्मे शॉट डोळे मिटून मारल्यासारखे वाटले, टीवरून कळेच ना कुठे मारायचं, चेंडू बाजूला गेला की गेला. जास्त हॅंडिकॅपवाल्याला सहा तास शिक्षा. सॅंड हॉलो मात्र माणसाला खेळू देतो. फेअरवे रुंद आहेत, पहिले नऊ होल लाल वाळू आणि खडकांतून शांतपणे जातात आणि मग अकरावा होल आला की अचानक जमीनच संपते. अकरा ते पंधरा कड्याच्या काठाने, खाली व्हर्जिन नदीची दरी. मी बाराव्याला पाच मिनिटं नुसती उभी होते. मागच्यांनी काही म्हटलं नाही, तेही उभेच होते.

साडेतीन_फूट
रानजाईशी संपूर्ण असहमत! वूल्फ क्रीक हाच तर अनुभव आहे. स्कोअर लिहूच नका. मित्र आहेत, कार्ट आहे, उंच टीवरून खाली बॉल सोडायचा आणि तो हवेत किती वेळ तरंगतोय ते बघायचं. मी तिथे ११७ मारले आणि तो माझ्या आयुष्यातला सर्वात आनंदाचा दिवस होता (लग्नाचा धरून. बायको हा धागा वाचत नाही).

वाळवंटी
दोघांचंही खरं आहे, पण स्कोअर न लिहिता खेळू शकणारे चार मराठी इंजिनिअर मी तरी पाहिलेले नाहीत.

ब्लॅक डेझर्टबद्दल: गोल्फपटू टॉम वाइसकॉफ यांनी शेवटी शेवटी केलेल्या डिझाइनपैकी एक. ते १९७३ चे ब्रिटिश ओपन विजेते, २०२२ मध्ये वारले, कोर्स त्यानंतर २०२३ मध्ये उघडला. ऑक्टोबर २०२४ मध्ये तिथे पीजीए टूरची (व्यावसायिक गोल्फपटूंची) स्पर्धा झाली, युटात १९६३ नंतर पहिल्यांदा. काळाकभिन्न लाव्हा, मध्ये हिरवागार पट्टा आणि मागे लाल डोंगर. फेअरवे बाहेरून अरुंद वाटतात पण बरेच रुंद आहेत. फक्त लाव्हावर चढू नका. काचेसारखा धारदार असतो, बुटाचा तळ फाटतो. बॉल लाव्हावर आपटला की कुठेही जातो, माझा एकदा उलटा येऊन माझ्याच कार्टला लागला.

बॅगवाला
उंचीमुळे बॉल किती लांब जातो तिकडे? कोणी म्हणालं दोन क्लब कमी घ्या, म्हणजे दोन पायऱ्या आखूड मारणारा क्लब.

भूगोलवाले_सर
दोन क्लब काहीच्या काही. सेंट जॉर्ज समुद्रसपाटीपासून साधारण २८०० फूट. ढोबळ नियम हजार फुटांना एक टक्क्याहून थोडं जास्त, म्हणजे तीनेक टक्के. १५० यार्डांच्या शॉटला चारपाच यार्ड. अर्धा क्लब. डेन्व्हरला सहा टक्के होतात, तिथला अनुभव लोक इकडे लावतात. आणि कोरड्या हवेमुळे लांब जातो हाही गैरसमज, दमट हवा उलट किंचित हलकी असते. खरा फरक पडतो तो उतारामुळे: टी ग्रीनपेक्षा वीस यार्ड उंच असेल तर साधारण वीस यार्ड कमी धरा. आणि कडक जमिनीवर बॉल पडल्यावर जो पळतो तो सिअ‍ॅटलकरांनी जन्मात पाहिला नसेल.

ओलाचिंब
सर, आमच्याकडे बॉल पडतो तिथेच समाधी घेतो.

अर्धवट_जागा
उशिरा येतोय पण राहायच्या जागेवरून एक महत्त्वाचं कोणीच बोललं नाही. वेळ! मेस्कीट नेवाडात, पॅसिफिक टाइम. सेंट जॉर्ज युटात, माउंटन टाइम, एक तास पुढे. आणि मधला पट्टा ऍरिझोनाचा, ते लोक घड्याळ बदलतच नाहीत, म्हणजे उन्हाळ्यात नेवाडाबरोबर आणि हिवाळ्यात युटाबरोबर. आम्ही मेस्कीटला राहिलो होतो आणि युटात आठ दहाचा टी टाइम होता. फोनवर सव्वासात वाजलेत बघून मी म्हटलं आरामात चहा घ्या, चाळीस मैलच तर आहे. त्या चहाचं बिल भलतंच महाग पडलं. पोहोचलो तेव्हा तिथे नऊ वाजून गेले होते, पैसे आधी भरलेले, आमची वेळ कधीच निघून गेलेली. स्टार्टरने (ग्रुपना क्रमाने पहिल्या टीवर सोडणाऱ्याने) दया येऊन दुपारी दोघादोघांना इतरांबरोबर घुसवलं. आमची चौघांची ट्रिप होती आणि त्या दिवशी आम्ही चौघं एकत्र खेळलोच नाही. माझ्याबरोबर एक निवृत्त आजी होत्या, त्यांनी मला १६ स्ट्रोकनी हरवलं.

तेव्हा सेंट जॉर्जलाच राहा.

रानजाई
ही गोष्ट ऐकून अंगावर काटा आला.

तिरपागडा
कंगवा घे.

वाळवंटी
अर्धवट_जागा यांनी फार मोलाचं लिहिलंय. व्हेगासहून सेंट जॉर्ज दोन तासांच्या आत-बाहेर, आय-१५ महामार्ग व्हर्जिन नदीच्या घळीतून जातो, तिथे दिवसाउजेडी जा, कारण तो रस्ताच ट्रिपचा अर्धा आनंद आहे. बिअरचं म्हणाल तर युटात गाडी चालवताना रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादा ०.०५ टक्के आहे, बाकी देशात ०.०८. राउंडनंतर चालवणारा कोण ते आधी ठरवा. आणि दारूची सरकारी दुकानं रविवारी बंद.

अण्णा_बंकरकर
पाणी प्या. घाम लगेच वाळतो त्यामुळे येत नाही असं वाटतं. मी लिंबू-मीठ-साखरेचं पाणी मोठ्या बाटलीत नेतो. आणि पहाटेचा टी टाइम घेऊ नका, नोव्हेंबरात एखाद्या सकाळी दंव पडलं तर गवतावर पाय ठेवू देत नाहीत, कार्टमध्ये कुडकुडत बसवतात. साडेनऊ-दहा उत्तम.

ओलाचिंब
ठरलं तर. सेंट जॉर्जला चार रात्री. पहिल्या दिवशी सनब्रुक, हातपाय मोकळे करायला. दुसऱ्या दिवशी सॅंड हॉलो. तिसऱ्या दिवशी गोल्फ नाही, झायन (तिथल्या एंजल्स लॅंडिंग या कड्यावर चढायला परमिटची लॉटरी लागते असं कळलं, ते सोडलं, दरीतल्या शटलने फिरू). चौथ्या दिवशी ब्लॅक डेझर्ट. वूल्फ क्रीक पुढच्या वेळी, साडेतीन_फूट क्षमस्व. पुढच्या टीवरून खेळण्यावर मतदान झालं, तीन विरुद्ध एक. तो एक म्हणजे १९ वाला.

साडेतीन_फूट
क्षमा नाही. पण मजा करा.

ओलाचिंब
परत आलो! मोठा वृत्तांत लिहायला जमणार नाही, थोडक्यात सांगतो.

सनब्रुकला पहिल्या टीवर माझा ड्राइव्ह नेहमीसारखा उजवीकडे गेला, मी मान खाली घातली, तर बॉल उतारावर आपटून टणाटण उड्या मारत फेअरवेवर परत आला. चौघंही ओरडलो. शेजारच्या ग्रीनवरच्या काकांनी तोंडावर बोट ठेवलं.

सॅंड हॉलोचं रानजाईने लिहिलं होतं तरी तयारी नव्हती. अकराव्याला कार्ट वळली आणि कोणीच बोलेना. पंधराव्याला, पार थ्री, एका बाजूला सरळ कडा. १९ वाला (जो मागच्या टीसाठी भांडत होता) त्याने सुंदर मारला, हवेत सरळ, ग्रीनच्या कडेच्या दगडावर टप्पा आणि गेला. आम्ही ऐकत उभे. खाली पडल्याचा आवाजच आला नाही. तो दोन मिनिटं काठापासून लांब उभा राहून नुसता बघत होता, मग म्हणाला, "तीन मिनिटं शोधायची मुभा आहे ना?"

माझे सतरा बॉल गेले. डझन पुरत नाहीत हे धाग्यात दुरुस्त करावं. ब्लॅक डेझर्टला ३० वाल्याने एका होलला पार स्कोअर केला, एकच, पण केला. मोबाइलमध्ये स्कोअरकार्डचा फोटो आहे, मागितल्यास दाखवीन.

आणि अण्णा, तिसऱ्या दिवशी झायनहून लवकर आलो आणि हॉटेलच्या बाहेर खुर्च्या टाकून बसलो. डोंगर आधी केशरी मग विटकरी मग जांभळे झाले. दीड तास बसलो असू.

आता एक शेवटचा प्रश्न. सॅंड हॉलोच्या बंकरमधली लाल वाळू पांढऱ्या मोज्यांतून आणि एका शॉर्टमधून जात नाहीये, तीन वेळा धुतलं. काय लावू?

रानजाई
जाणार नाही. लोहाचा रंग आहे तो. बाकीचे कपडे त्याच्याबरोबर मशीनमध्ये टाकले नाहीस ना?

ओलाचिंब
...

तिरपागडा
बायकोचे होते का?